पाटावर बसवलेली कंट्रोल फाइल

स्क्रीनवर दोनशे पाच नंबरचा एरर होता आणि माझ्या टेबलावर, टेबलफॅनच्या तोंडासमोर, एक हार्ड डिस्क वाळत पडली होती. तिच्या एका फटीत ओलं कुंकू शिरलं होतं. ते मी टूथब्रशने काढत होतो.

केबिनचं दार आतून लावलेलं. बाहेरून शेती अधिकारी बाबर ते वाजवत होते.

“शेटेसाहेब, याद्या निघाल्या का न्हाई?”

“निघतायत.”

“कवाधरनं निघतायत! गटागटातनं फोन येत्यात. म्हसवडकडच्या टोळ्या उतरल्यात, बिऱ्हाडं घिऊन बसल्यात. त्यास्नी काय सांगू, कॉम्प्युटर आंघोळ करतोय म्हणून?”

बाबरांना काहीच माहीत नव्हतं. ते सहज बोलले होते. माझ्या हातातला टूथब्रश मात्र खाली पडला.

मी एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपी मॅनेजर होतो. ईडीपी म्हणजे कॉम्प्युटर विभाग. कारखाना सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीजवळ आहे. नाव लिहीत नाही, कारण यात कारखान्याची चूक नव्हती. माझी होती. त्या वेळी मी सत्तावन्न वर्षांचा होतो. आज बहात्तरचा आहे. मधली पंधरा वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

आमच्या डेटाबेसमध्ये सगळ्यात मोलाची गोष्ट होती ऊसनोंद. कुणी, कुठल्या गटात, किती क्षेत्रात, कधी ऊस लावला ते सगळं त्यात. त्यावरून तोडणीचा क्रम लागायचा. आधी लावलेला आधी तुटणार. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या पंधरवड्याची यादी छापून प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवावी लागायची. यादी लागली नाही, की ज्याचा आवाज मोठा त्याचा ऊस आधी तुटतो. मग गावात भांडणं होतात, आणि ती भांडणं बाबरांच्या दारात येतात. त्यांचं दार वाजवणं रास्त होतं.

आता कंट्रोल फाइलबद्दल. डेटाबेस ही एक वस्तू नसते. तो पुष्कळ फाइल्सचा मेळ असतो. नोंदी एकीत, वजनं दुसरीत, केलेले बदल तिसरीत. या सगळ्या फाइल्स कुठे ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीत काम कुठपर्यंत आलं आहे, हे एका लहानशा फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती कंट्रोल फाइल. टोळीचा मुकादम असतो तशी. कोयते चालवणारे वीस जण हजर आहेत, पण कुणी कुठल्या फडात जायचं हे फक्त मुकादमाला ठाऊक. मुकादम आला नाही तर वीस जण बांधावर बसून राहतात. डेटाबेसचंही तसंच. लाखो नोंदी जागच्या जागी सुरक्षित असतात, पण कंट्रोल फाइल सापडली नाही तर तो उठायलाच तयार होत नाही.

म्हणून तिच्या तीन प्रती ठेवायच्या, तीन वेगवेगळ्या डिस्कवर. डेटाबेस तिन्हींमध्ये एकाच वेळी लिहितो. यात एक गंमत आहे. तिन्हींपैकी एक जरी गैरहजर असली तरी तो हटून बसतो आणि दोनशे पाच नंबरचा एरर देतो. मग तीन ठेवून उपयोग काय? उपयोग हा, की राहिलेल्या दोन प्रतींवरून दहा मिनिटांत गाडी रुळावर आणता येते.

माझ्या दोन प्रती सर्व्हरच्या पोटात दोन डिस्कवर होत्या. आत तिसरी डिस्क बसवायला परचेस कमिटीने दोन वेळा नकार दिला होता. म्हणून तिसरी प्रत मी बाहेरून वायरने जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवली होती. हे बरोबर नव्हतं. वायर कुणीही उपटू शकतं. पण ‘कुणीही’ म्हणजे मी स्वतः, हे मला सुचलं नव्हतं.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रत्येक विभाग आपलं हत्यार पाटावर मांडतो. वर्कशॉप पाने मांडतं, वजनकाटा वजनं मांडतो, शेतकी विभाग कोयता. मॅनेजिंग डायरेक्टर, म्हणजे एम.डी. साहेब, ताम्हण घेऊन विभागाविभागात फिरतात आणि स्वतः पूजा करतात. आदल्या वर्षी मी पाटावर कीबोर्ड मांडला होता. तो बघून बाबर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हे तर टायपिंगच्या क्लासात बी असतंय. ह्यात हत्यार कुठलं आलं?” अख्खं वर्कशॉप हसलं. ते हसू मी वर्षभर डोक्यात ठेवलं.

या वर्षी मी खरं हत्यार मांडायचं ठरवलं. सकाळी डेटाबेस रीतसर बंद केला. ती बाहेरची डिस्क सोडवली आणि झेंडूच्या फुलांच्या मधोमध पाटावर बसवली.

आमचा वायरमन रफीक मुल्ला खिडकीला लाइटची माळ लावत होता. रफीक हंगामी कामगार. अकरा हंगाम झाले होते त्याचे. हंगामी म्हणजे ऊस आहे तोवर काम. उन्हाळ्यात घरी बसायचं आणि दसऱ्याला पुन्हा बोलावतात का याची वाट बघायची. त्या वर्षी कायम करायच्या लोकांच्या यादीत त्याचं नाव पहिल्यांदा आलं होतं.

तो माळ लावता लावता म्हणाला, “साहेब, त्याला पाणी लागू दिऊ नका. वरनं डबा दिसतोय, आत समदा बोर्ड हाय.”

“रफीक, तू तुझ्या लाइटचं बघ.”

“तसं न्हवं. एक प्लास्टिकची पिशवी तरी घाला.”

“पूजेच्या वस्तूला पिशवी घालतात होय?”

“आमच्या डिपार्टमेंटला मीटरला घातलीया.”

“मला शिकवू नकोस,” मी म्हणालो. तो हसला आणि माळेकडे वळला.

एम.डी. आले. मागे बाबर आणि सगळे. मी आवाज जरा चढवून म्हणालो, “साहेब, या डब्यात अख्ख्या कारखान्याचा जीव आहे.”

एम.डी. साहेब भावुक माणूस. इतर ठिकाणी ते फुलाने पाणी शिंपडत होते. कारखान्याच्या जिवाला त्यांनी ओंजळभर पाणी वाहिलं, एकदा नाही, तीनदा. मग हळद, मग कुंकू, दोन्ही सढळ हाताने. नारळ पाटाच्या कडेवरच फोडला आणि नारळाचं पाणी डिस्कवर शिंपडलं. बाबरांनी या वेळी हात जोडले. मी तृप्त झालो.

पाटावर मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. ती डिस्क ओल्या पाटावर, ओल्या फुलांत, दोन रात्री बसून राहिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सर्व्हरला जोडलं. आतून खुट्ट, खुट्ट आवाज आला. मग तोही बंद झाला.

आता उपाय. डेटाबेस सुरू होताना एक यादी वाचतो. तिच्यात कंट्रोल फाइलच्या तिन्ही प्रतींचे पत्ते असतात. त्यातला तिसरा पत्ता खोडायचा आणि डेटाबेस पुन्हा सुरू करायचा. बस. दोन प्रती शाबूत होत्या. दहा मिनिटांचं काम. मला ते त्याच क्षणी माहीत होतं.

तरीही मी दोन तास डिस्क वाळवत बसलो. कारण ती वाळून चालू झाली असती तर काही झालंच नाही असं म्हणता आलं असतं. पत्ता खोडला असता तर उद्या कुणी विचारलं असतं, तिसरी कुठे गेली? माझा असिस्टंट विचारेल, ऑडिटवाला विचारेल. आणि बाबरांना कळलं असतं तर पुढची वीस वर्षं इस्लामपूरच्या बाजारापर्यंत माझा सत्कार झाला असता.

साडेअकराला एम.डी. स्वतः आले. दार उघडावंच लागलं. डिस्क मी ड्रॉवरमध्ये सरकवली.

“काय झालंय, शेटे?”

“साहेब, कंट्रोल फाइलची एक प्रत गेली.”

“गेली म्हणजे? कशानं गेली?”

त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर खंडेनवमीची हळद अजून पिवळी दिसत होती. ज्यांनी पाणी वाहिलं त्यांनाच ‘पाण्याने गेली’ कसं सांगायचं? असं मी पंधरा वर्षं स्वतःला समजावत आलो. खरं म्हणजे त्यांना सांगता आलं असतं. ते ओशाळले असते, हसले असते, विषय संपला असता. मला स्वतःचं हसं नको होतं, एवढंच.

“व्होल्टेज,” मी म्हणालो. “झटका बसला असावा.”

“आपल्या लायनीचा?”

“असावा.”

एम.डी. गेले. मी तिसरा पत्ता खोडला. दहा मिनिटांत डेटाबेस उठला आणि बाराच्या आत याद्या निघाल्या. बाबर गठ्ठा बगलेत मारत म्हणाले, “तुमी लय भारी हाय बघा साहेब. एवढा झटका बसला तरी वाचवलासा.”

दुपारी एम.डीं.नी लेखी अहवाल मागितला. पहिल्या परिच्छेदात मी लिहिलं, ‘विजेच्या दाबातील अचानक बदलामुळे एक हार्ड डिस्क निकामी झाली.’ उरलेल्या दोन पानांत डेटाबेस मी कसा वाचवला याचं वर्णन होतं. ती दोन पानं बरी जमली होती.

अहवाल परत आला तेव्हा समासात हिरव्या शाईने शेरा होता: ‘इलेक्ट्रिक विभागाचा हलगर्जीपणा. ड्यूटीवरील कर्मचाऱ्याची जबाबदारी निश्चित करावी.’ त्या दिवशी ड्यूटीवर होता रफीक. कायम करायच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

तो माझ्याकडे आला. खुर्चीवर बसला नाही.

“साहेब, मी समदं तपासलं. पॅनल बघितला, अर्थिंग बघितलं. मला तर काय घावंना. झटका किती वाजता बसला?”

“तसं नक्की सांगता येत नाही, रफीक.”

“म्हंजे सकाळचा का आदल्या दिवसाचा?”

“असं नसतं ते. टेक्निकल असतं.”

“बरं,” तो म्हणाला आणि दाराकडे वळला. “माजंच कायतरी ऱ्हायलं आसंल.”

तो गेला. ड्रॉवरमध्ये डिस्क होती. कुंकवाचा वास येत होता, किंवा मला तसा भास होत होता.

खरं सांगून टाकायचं मी चार वेळा ठरवलं. चारही वेळा एम.डीं.च्या केबिनपर्यंत गेलो आणि दुसऱ्याच कशावर तरी सही घेऊन आलो. असे तीन महिने गेले. शेवटी मी असा मार्ग काढला, की ज्यात खरं न सांगता रफीकचं भलं होईल. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला तो मार्ग फारच हुशारीचा वाटला होता.

एम.डीं.ना मी एक ऑफिस नोट पाठवली. आग लागली, चोरी झाली, तर सर्व्हरच्या पोटातल्या दोन्ही प्रती एकदम जातील. म्हणून कंट्रोल फाइलची एक प्रत कॉम्प्युटर विभागाच्या बाहेर असली पाहिजे. हे शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. अशी बाहेर ठेवलेली प्रत जुनी असते, तिच्यावरून उठवताना नंतरचे बदल पुन्हा चढवावे लागतात, पण मुळीच नसण्यापेक्षा ती बरी. पुढे मी लिहिलं: ही प्रत पेन ड्राइव्हवर घालून पॉवर हाउसमध्ये कुलूपबंद पेटीत ठेवावी. दर महिन्याला प्रत नवी करावी. पेटी उघडताना एम.डी. आणि ईडीपी मॅनेजर या दोघांच्या रजिस्टरमध्ये सह्या हव्यात. जबाबदार कर्मचारी: श्री. रफीक मुल्ला.

“ज्यानं घालवलं त्याच्याकडंच?” एम.डीं.नी विचारलं.

“म्हणूनच, साहेब. एकदा पोळलेला माणूस जपून वागतो.”

नोट मंजूर झाली. मी पेन ड्राइव्हवर प्रत घालून रफीकला दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

“साहेब, ह्यात काय हाय?”

“कारखान्याचा जीव,” मी म्हणालो, आणि जीभ चावली.

दोन आठवड्यांनी संचालक मंडळाची मीटिंग होती. कायम करायची पुढची यादी तिच्यात जाणार होती. मीटिंगच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, मी माझ्या नोकरीतला सगळ्यात निर्लज्ज उद्योग केला. डेटाबेस बंद केला. आतल्या दोन प्रतींपैकी एकीचं नाव बदललं. फाइल तिथेच, जागच्या जागी. फक्त पाटी बदललेली. मग डेटाबेस चालू केला. त्याला पाटी ओळखीची वाटली नाही. दोनशे पाच.

वजनकाट्याचा कॉम्प्युटर वेगळा होता, त्यामुळे गाड्या थांबणार नव्हत्या. एवढी काळजी मी घेतली होती. मग चेहऱ्यावर काळजी आणली आणि एम.डीं.ना फोन लावला.

ते धावत आले. “परत? आता काय करायचं?”

“साहेब, घाबरू नका. पॉवर हाउसमध्ये एक प्रत आहे.”

इंटरकॉम स्पीकरवर टाकला, म्हणजे एम.डीं.नाही ऐकू यावं. “रफीक, कंट्रोल फाइलची पेटी उघड आणि पेन ड्राइव्ह घेऊन ये. अर्जंट आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“साहेब, सही?”

“अरे, सही नंतर करू. डेटाबेस बंद पडलाय.”

“तसं न्हाई चालायचं साहेब. नियम तुमीच लिवलाय. दोन सह्या झाल्याबिगर पेटी उघडायची न्हाई.”

“रफीक, एम.डी. साहेब इथं उभे आहेत.”

“मग लय चांगलं झालं. त्यास्नी घिऊनच या. रजिस्टर हितं हाय.”

मी एम.डीं.कडे बघितलं. ते फोनकडे बघत होते. मग म्हणाले, “चला.”

कॉम्प्युटर विभागापासून पॉवर हाउस चांगलं पाच मिनिटांच्या वाटेवर, ऐन दुपारचं ऊन, आणि एम.डीं.ना गुडघेदुखी. तिथे पोचलो. रफीकने रजिस्टर पुढे केलं. एम.डीं.नी सही केली. रफीक म्हणाला, “साहेब, वेळ बी टाका.” त्यांनी वेळ टाकली. मी सही केली. मग रफीक किल्ली शोधू लागला. किल्ली सापडेना. खिशात नाही, ड्रॉवरमध्ये नाही. तो मागच्या खोलीत गेला, मग मागच्या दाराने बाहेर गेला, पंधरा मिनिटांनी धापा टाकत आला. “सापडली. जपून ठिवली हुती, म्हणून घावंना.” पेटी आमच्याकडे पाठ करून उघडली आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला.

परत आलो. मी पेन ड्राइव्ह खोचला, स्क्रीन जरा माझ्याकडे वळवला आणि काळ्या पडद्यावर दोन-चार कमांड भराभरा टाइप केल्या. त्यांतली एकच खरी होती: बदललेलं नाव पुन्हा मूळ केलं. पेन ड्राइव्हकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. डेटाबेस उठला.

“वाचलो,” मी म्हणालो. “त्या प्रतीमुळे.”

मला वाटत होतं एम.डी. चिडले असतील. ते खुर्चीत बसले, घाम पुसला आणि म्हणाले, “शेटे, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच कुणीतरी नियम दाखवून माझ्याकडे सही मागितली. तीही वेळेसकट. असली माणसं हंगामी ठेवायची असतात का?”

दुसऱ्या दिवशी रफीकचं नाव यादीत गेलं. पुढच्या महिन्यात तो कायम झाला. हंगाम संपताना सांगता समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळालं. त्याचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. ‘कंट्रोल फाइलचे निष्ठापूर्वक रक्षण केल्याबद्दल.’ बाबरांनी सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या.

मी मनाशी हिशोब मिटवून टाकला. एका खोट्याने माणूस यादीतून गेला, दुसऱ्या खोट्याने परत आला. पण तो मिटला नाही. रफीक भेटला, की दर वेळी “साहेब, तुमच्यामुळं झालं” म्हणायचा. आणि दर वेळी मला ते दोन्ही अर्थांनी ऐकू यायचं.

मागच्या महिन्यात हे सगळं लिहून काढलं आणि छापायला देण्याआधी मिरजेला रफीकच्या घरी गेलो. तोही आता रिटायर झाला आहे. प्रशस्तिपत्र शोकेसच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये होतं. चहा झाला. मी कागद काढले आणि वाचायला लागलो. मान वर करायची हिंमत झाली नाही.

पूजा, पाणी, डिस्क, अहवाल. तिथपर्यंत वाचून थांबलो.

“म्हंजे लाइट बरोबर हुती?” रफीकने विचारलं.

“हो.”

“नक्की?”

“नक्की. तुझी काही चूक नव्हती.”

तो म्हणाला, “मी समजत हुतो न्यूटरलची वायर ढिली झाली आसंल. रिटायर हुईपातूर दर दसऱ्याच्या आधी मी तुमच्या खोलीचा न्यूटरल टाइट करत आलो साहेब. माज्या मागनं जो वायरमन आला, त्याला बी सांगून आलोय. त्यो बी करत आसंल.”

मला वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर हसेल. याची तयारी मी केली नव्हती. मी “चुकलं रे” एवढंच म्हणालो.

“आवं, चार महिने घरात त्वांड लपवून ऱ्हायलो. बायको म्हणायची, अकरा वर्सांत काय झालं न्हाई आन नेमकं आत्ताच कसं झालं? मी म्हणायचो, माजाच हात फिरला न्हाई नीट.” त्याने कागदांकडे बोट केलं. “वाचा. फुडं काय लिवलंय?”

पुढे वाचलं. ऑफिस नोट, पेटी, बदललेलं नाव, खोटा एरर. रफीकचे डोळे हळूहळू मोठे व्हायला लागले.

“थांबा, थांबा. म्हंजे त्या दिवशी बंद पडलंच नव्हतं?”

“मीच बंद पाडलं होतं.”

“आन माज्या पेन ड्राइव्हनं काय झालंच न्हाई?”

“काही नाही. मी उघडलाच नाही तो.”

रफीक फ्रेमकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मात्र दुखावला. जावयाला, व्याह्यांना दाखवलेली वस्तू, आणि मी येऊन तिची हवा काढली. मी म्हणालो, “तू म्हणशील तर हे छापत नाही.”

त्याने आतल्या खोलीकडे एक नजर टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

“साहेब, तुमी त्यो उघडला न्हाईसा ते लय बरं झालं.”

“का?”

“त्यात काय नव्हतंच.”

“म्हणजे?”

“मेव्हणीच्या लग्नाची शूटिंग हुती त्यात. थोरल्या पोरीला टीव्हीवर लावून बघायची हुती. शूटिंग त्यात मावंना. तिनं बघितलं, एक कसली तरी बारकी फाइल अडून बसलीया. दिली काढून.”

“कारखान्याची कंट्रोल फाइल?”

“तवा कुठं म्हाईत तिला. तवा आमी कारखान्याच्या बाजूलाच ऱ्हायचो. तुमचा फोन आला तवा ड्राइव्ह घरी टीव्हीला! म्हणून तर मी सहीचं काढलं. तेवढ्यात पोरीला फोन केला, ती स्कूटी घिऊन मागच्या गेटाला आली. किल्ली माज्या खिशातच हुती.”

“आणि एम.डीं.ना उन्हातून चालत आणलंस?”

“ते येतील आसं वाटलं नव्हतं साहेब. मला वाटलं, सहीला चिठ्ठी पाठवतील. त्यात अर्धा तास जाईल. त्यास्नी दारात बघून माजंच पाणी पाणी झालं. म्हणून तर वेळ टाकायला लावली, तेवढाच आणि येक मिनिट.”

“मग पुढच्या महिन्यात नवी प्रत घालायला दिलास तेव्हा पेन ड्राइव्ह रिकामा होता. मी म्हटलं, किती टापटिपीचा माणूस, जुनं पुसून देतो.”

“आदल्या दिवशी शूटिंग काढली.”

मला हसू यायला लागलं. मग त्याला आलं. आतून भाभींनी विचारलं, काय झालं. रफीक म्हणाला, “काय न्हाई, हापिसातलं हाय.”

हसणं ओसरल्यावर मला घाम फुटला. कारण कारखान्याची बाहेर ठेवलेली एकुलती एक प्रत, एक कुलूप, दोन सह्या आणि एका ऑफिस नोटेच्या बंदोबस्तात, हळदीच्या गाण्यांची होती. त्या काळात सर्व्हरला खरोखर आग लागली असती, तर मी एम.डीं.ना वरात दाखवली असती.

“छापा साहेब,” निघताना रफीक म्हणाला. “माजं बी छापा. आता कोन कायमचा हंगामी करतंय? पण लाइट बरोबर हुती, हे नीट लिवा. हुशारीनं कुठंतरी मधी घालू नका. वेगळं लिवा.”

वेगळं लिहितो. त्या दिवशी कारखान्याची वीज व्यवस्थित होती. न्यूटरल घट्ट होता. माझ्या अहवालातला पहिला परिच्छेद खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. सध्या त्या खोलीचा न्यूटरल कुणी दर दसऱ्याला आवळत असेल, तर त्याने थांबायला हरकत नाही.

ज्यांच्याकडे डेटाबेस राखायचं काम आहे त्यांना सांगण्यासारखं फार नाही. कंट्रोल फाइलच्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात, हे सगळ्यांना माहीत असतं. ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून बघावी, तिच्यावरून डेटाबेस उठतो का तेही करून बघावं. हे माहीत सगळ्यांना असतं, पण करत कुणी नाही. आणि बिघाडाचा अहवाल लिहिताना कारण माहीत नसेल, तर ‘माहीत नाही’ असं लिहावं. त्याला एक मिनिट लागतं. कारण माहीत असेल तर जास्त वेळ लागतो. मला पंधरा वर्षं लागली.